ब्रह्मदेशाची लष्करशाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर डाळीच्या दलालीचं. लातूरच्या आडत बाजारात सौदा निघायच्या आधी वडिलांचा पहिला फोन मुंबईला जायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "रंगून काय म्हणतंय?" रंगून म्हणजे तिथली तूर आणि उडीद. त्या प्रश्नाचा मला नाद लागला, भावावरून इतिहासावर घसरलो, आणि आता वर्षातून चार-सहा वेळा कुणीतरी ग्रंथालयात नाहीतर कॉलेजात 'हुकूमशाहीचा गरीब देशांवर परिणाम' या विषयावर बोलायला बोलावतं. मी ब्रह्मदेशाबद्दल बोलतो. नंतर चहाच्या वेळी जे विचारलं जातं ते जवळपास ठरलेलं असतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ब्रह्मदेश म्हणायचं की म्यानमार?

काहीही म्हणा. १९८९ साली लष्करी सरकारनं नाव बदललं. लोकांना विचारलं नव्हतं, म्हणून तिथले कित्येक जण पुढं वर्षानुवर्षं जुनंच नाव हट्टानं वापरत राहिले. मुळात दोन्ही नावं एकाच शब्दाची आहेत, एक बोलण्यातलं आणि एक लिहिण्यातलं. मराठी माणसाला ब्रह्मदेश सवयीचा. तिथला शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत वारला आणि आपले लोकमान्य सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी केलेली अदलाबदल म्हणायची.

जगात इतके हुकूमशहा होऊन गेले. मग ब्रह्मदेशच का?

कारण तिथं खापर फोडायला दुसरी डोकी कमी आहेत. इरावतीच्या मुखाशी गाळाची जमीन, सागवान, तेल, माणकं. गावोगावच्या बौद्ध विहारांत मुलं लिहायला-वाचायला शिकायची, त्यामुळं साक्षरता शेजाऱ्यांपेक्षा बरी. दुसऱ्या महायुद्धाआधी हा देश जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता, वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास. १९६१मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले ऊ थांट हे तिथल्या एका लहान गावातले शाळामास्तर.

सोन्याचा धूर निघत होता असं मात्र समजू नका. महायुद्धात देश पोळून निघाला होता, १९४८ला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी कम्युनिस्टांचं बंड, पाठोपाठ कारेन लोकांचं. घडी विस्कटलेली होती, पण पत होती. 'मोडकळीला आलेला देश सावरायला खंबीर माणूस लागतो' हे वाक्य तपासायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

लष्करानं सत्ता घेतली तेव्हा लोकांनी विरोध केला नाही?

सुरुवातीला फारसा नाही. १९५८मध्ये पक्षातल्या भांडणांना कंटाळून पंतप्रधान ऊ नू यांनीच लष्करप्रमुख ने विन याच्याकडे कारभार तात्पुरता सोपवला होता. त्यानं रंगूनचे रस्ते झाडून घेतले, झोपड्या हलवल्या, भाव खाली आणले आणि १९६०ला निवडणूक घेऊन बऱ्या बोलानं परत गेला. त्यामुळं २ मार्च १९६२च्या पहाटे रणगाडे रस्त्यावर आले तेव्हा बऱ्याच शिकल्यासवरल्यांना वाटलं, पुन्हा एकदा झाडलोट होईल.

चार महिन्यांत उत्तर मिळालं. ७ जुलैला रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवण्यात आली. स्वातंत्र्याची चळवळ जिच्या जिन्यांवर वाढली ती ही इमारत.

'समाजवादाचा ब्रह्मी मार्ग' म्हणजे नेमकं काय केलं?

ने विननं आपल्या धोरणाला दिलेलं हे नाव. फेब्रुवारी १९६३मध्ये सगळ्या बँका सरकारजमा. १९ मार्च १९६४ला रंगूनमधली दुकानं, मग देशभरातली. सकाळी शिपाई येऊन उभे राहिले, मालाची यादी झाली, किल्ल्या घेतल्या आणि पाटी बदलली : 'लोकांचं दुकान', पुढं नंबर. गल्ल्यावर लष्करातला माणूस.

मी दुकानदाराच्या घरातला, म्हणून मला इथं थांबावंसं वाटतं. दुकान म्हणजे फळ्या, काटा आणि गल्ला नव्हे. कुणाची उधारी सुगीपर्यंत थांबवायची, कुठल्या गावचा माल ओला येतो, पेरणीच्या तोंडावर कुणाला बियाणं दिलं तर तो बुडवणार नाही, हे मालकाच्या डोक्यातलं खातं म्हणजे दुकान. ते जप्त करता येत नाही. मालक गेला की खातं गेलं. महिन्याभरात फळ्यांवर नको त्या वस्तूंचे ढीग आणि हव्या त्यांचा खडखडाट. मग साबणापासून लुंगीपर्यंत सगळं थायलंडच्या सीमेवरून चोरून यायला लागलं. ज्या वाटेनं यायचं ती वाट बंडखोर टोळ्यांच्या ताब्यात, म्हणजे जकात त्यांना. सरकारनं आपल्याच धोरणानं आपल्याच शत्रूंचा गल्ला भरला.

ती दुकानं बहुतेक भारतीयांचीच होती ना? मग त्यांचा रागही समजण्यासारखा नाही का?

राग होता आणि सगळाच खोटा नव्हता. १९३०च्या मंदीत भाव कोसळले, कर्जं थकली आणि खालच्या ब्रह्मदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांतली जवळपास पाव जमीन तमिळ चेट्टियार सावकारांकडे गेली. रंगून शहरात त्या काळी निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची होती. आपल्याच शहरात आपण पाहुणे, असं बर्मी माणसाला वाटलं तर नवल नाही.

पण १९६४च्या लाटेत सावकाराबरोबर न्हावी, दूधवाले, कारकून, हमालही निघाले. सुमारे ३ लाख माणसं गेली. बंदरावर झडती व्हायची, दागिने आणि साठवलेली रोकड तिथंच ठेवावी लागायची. चेन्नईतला बर्मा बाजार आणि मणिपूरमधलं मोरे गाव यांत आजही त्यांची पुढची पिढी भेटते. त्यांची दुकानं बर्मी शेतकऱ्याला मिळाली असती तर निदान हिशेब तरी लागला असता. मिळाली लष्कराला.

भाताचं काय झालं?

सरकार हा एकच गिऱ्हाईक उरला आणि भाव त्यानंच ठरवला, बाजाराच्या कितीतरी खाली. एकराला इतकं भात घातलंच पाहिजे, ही सक्ती. शेतकरी काय करणार? जे आपल्याकडचा शेतकरी लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, काळात करायचा तेच. खडे-कोंडा-ओल असलेला माल सरकारला, चांगला घरात किंवा रातोरात चोरबाजारात. खत कशाला घालायचं, जादा पिकलं तर जादा लेव्ही. सरकारी गोदामांत पोचलेला तांदूळ इतका मिसळलेला असायचा की परदेशी गिऱ्हाईक तुटत गेलं. १९६७मध्ये तांदळाच्या देशात तांदळाची टंचाई झाली, त्याच उन्हाळ्यात रंगूनमध्ये चिनी वस्त्यांवर दंगली झाल्या. लोकांचा राग सोयीच्या दारात वळवला गेला, असं तिथले पुष्कळ जण मानतात.

४५ आणि ९० क्यातच्या नोटांची गोष्ट खरी आहे का?

अक्षरशः खरी. क्यात हे तिथलं चलन. ४५ आणि ९० दोन्ही नवानं भाग जाणारे, आणि नऊ हा ने विनचा शुभ आकडा.

पण लोक हसून पुढं जातात, म्हणून मागचं सांगतो. नोटाबंदी तिथं तीनदा झाली. १९६४ला, १९८५ला आणि ५ सप्टेंबर १९८७ला. आपल्याकडच्या २०१६शी तुलना करणारा माणूस प्रत्येक श्रोतृवर्गात असतो. एक फरक सांगतो : आपल्याकडं जुन्या नोटा बँकेत भरता आल्या. १९८७ला ब्रह्मदेशात २५, ३५ आणि ७५च्या नोटा रद्द झाल्या आणि बदल्यात काहीही मिळालं नाही. चलनातला निम्म्याहून जास्त पैसा एका दुपारी कागद झाला.

त्याहून वाईट म्हणजे वेळ. चारच दिवस आधी, १ सप्टेंबरला, पंचवीस वर्षांनी सरकारनं धान्याचा व्यापार मोकळा केला होता. ज्यांना धंदा कळत होता त्यांनी गाठीची रोकड बाहेर काढली, खेड्यात जाऊन सौदे केले. शेतकऱ्यानं माल विकून नोटा उशाला ठेवल्या. आणि शनिवारी रेडिओवर बातमी. आमच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ज्यानं पहिल्यांदा विश्वास ठेवला तोच मेला."

विद्यार्थ्यांच्या फीचे पैसेही गेले होते. रंगूनच्या तंत्रशाळेतली पोरं त्याच दिवशी रस्त्यावर आली.

एवढं सगळं फसत होतं, तर ने विनला कुणी सांगितलं कसं नाही?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, बाकीचे याच्या फांद्या.

सांगणारा एक होता. ब्रिगेडियर आंग जी, १९६२च्या उठावातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. दुकानं-कारखाने सरसकट ताब्यात घेऊ नका, असं त्याचं म्हणणं. १९६३च्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला, पुढं तुरुंगातही गेला, सुटल्यावर चहा-फराळाची दुकानं काढली आणि ती उत्तम चालवली. बाकीच्यांनी त्याचं काय झालं ते पाहिलं आणि धडा घेतला. पुढची पंचवीस वर्षं वर जाणारा प्रत्येक कागद गोड होता. तालुक्यानं जिल्ह्याला उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं कळवायचं, जिल्ह्यानं रंगूनला. वर्तमानपत्रं सरकारी, त्यामुळं पडताळायला दुसरं काही नाही.

मार्च १९८८मध्ये चहाच्या दुकानात कोणती कॅसेट लावायची यावरून भांडण झालं, त्यातून विद्यार्थ्यांची निदर्शनं आणि गोळीबार. पकडलेल्या पोरांना पोलिसांनी एका बंद गाडीत कोंबलं आणि त्यातली ४१ गुदमरून मेली. सरकारी चौकशीचा अहवाल आला, त्यात सगळे मिळून मृत्यू दोन. खरा आकडा मान्य करायला जुलै उजाडला. तोवर आंग जीनं ने विनला लांबलचक उघडी पत्रं लिहिली होती : शेजारचे देश कुठं गेले, आपण कुठं आहोत. पत्रांच्या प्रती हातोहात फिरल्या. पत्र लिहिणाऱ्याला अटक झाली.

आकड्यांचा असाच एक उलटा किस्सा. साक्षरता मोहिमेसाठी युनेस्कोचे पुरस्कार मिळवलेल्या या देशाला १९८७मध्ये 'सर्वांत कमी विकसित देश' हा दर्जा हवा होता, कर्जात सवलत मिळावी म्हणून. त्याला साक्षरता कमी असावी लागते. मग साक्षरतेचा आकडा खाली ओढला. दर्जा मिळाला. राज्य करणाऱ्याला स्वतःच्या देशाबद्दलचा कुठला आकडा खरा आहे हे या टप्प्यावर माहीत असेल असं मला वाटत नाही.

चीनमध्ये १९५८ ते १९६१ हेच झालं, कितीतरी मोठ्या मापावर. गावागावांतून फुगवलेले पिकाचे आकडे गेले, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं आणि कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. स्वतंत्र वर्तमानपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचं म्हणणं यावरच उभं आहे. राज्यकर्ता चांगला असतो म्हणून नव्हे, त्याला बातमी टाळता येत नाही म्हणून.

मग दक्षिण कोरिया? तिथंही जनरलच होता.

हो, आणि हा प्रश्न चांगला आहे. पार्क चुंग-ही यानं मे १९६१मध्ये सत्ता घेतली, ने विनच्या दहा महिने आधी. दोघे जनरल, दोन्ही देश गरीब, कोरिया तर युद्धानं उद्ध्वस्त. एक जहाजं आणि मोटारी विकायला लागला, दुसरा मागत सुटला. हुकूमशाही हेच कारण असतं तर दोघांचं सारखंच व्हायला हवं होतं.

कोरियात जमिनीचं वाटप उठावाआधीच झालं होतं, शाळा पसरल्या होत्या, अमेरिकेचा पैसा होता. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती निर्यातीची अट. कारखानदाराला स्वस्त कर्ज हवं तर माल परदेशात विकून दाखव. आता सोलमधला मंत्री फुगवलेला अहवाल लिहू शकतो, पण अमेरिकेतला दुकानदार खराब शर्ट परत पाठवतोच. म्हणजे वाईट बातमी यायची एक खिडकी उघडी राहिली, आणि ती बंद करणं पार्कच्या हातात नव्हतं. ने विननं परदेशी गिऱ्हाईक, परदेशी पाहुणा, परदेशी वर्तमानपत्र सगळंच बंद केलं. पर्यटकाला एक काळ चोवीस तासांचा व्हिसा मिळायचा.

आणि कोरियाची किंमत विसरू नये. १९८०मध्ये ग्वांग्जूत सैन्यानं आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या. १९८७ला लोकांनी रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवली. 'हुकूमशाहीनं कोरिया घडवला' म्हणणारे कोरियन लोकांना हुकूमशाहीत राहायचं नव्हतं हे सांगत नाहीत.

कोरियापाठोपाठ कुणीतरी सिंगापूरचं उदाहरण देतंच. ते एक बंदर आहे. बंदर चालवायच्या युक्तीनं ५ कोटींचा, शंभरावर भाषांचा देश चालेल असं ज्याला वाटतं त्यानं आधी एक जिल्हा परिषद चालवून पाहावी.

निदान भ्रष्टाचार तरी कमी होतो ना?

उलट त्याला सरकारी दर मिळतो. २०१२पर्यंत ब्रह्मदेशात एका डॉलरचा सरकारी भाव सुमारे ६ क्यात होता आणि बाजारात ८०० ते १०००. ज्याच्या ओळखीनं सरकारी दराचा डॉलर मिळतो त्याला धंदा करायची गरजच काय? मोबाईलचं सिमकार्ड एके काळी हजार डॉलरच्या वर जायचं. २०१४मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि तेच सिम १५०० क्यातला, म्हणजे दीड डॉलरला, पानाच्या टपरीवर मिळायला लागलं. मधला सगळा पैसा कुणाच्या तरी खिशात जात होता.

१९८८नंतर समाजवाद गेला आणि लष्करानंच कंपन्या काढल्या : बिअर, सिगारेट, बस, माणकांच्या खाणी. २००५ला राजधानी रंगूनहून उचलून नेपिडो नावाच्या नव्या शहरात नेली. तिथं वीस पदरी रस्ता आहे. फोटोत त्यावर सहसा एक मोटारसायकल दिसते.

गाड्या उजवीकडून चालवायचा हुकूम ज्योतिषानं दिला होता म्हणे?

सांगोवांगी. डिसेंबर १९७०मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडं गेली हे खरं, का गेली याच्या कथा चार. गंमत अशी की गाड्या बहुतेक जुन्या जपानी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. त्यामुळं पुढं कित्येक वर्षं रंगूनच्या बसचं दार रस्त्याच्या मधोमध उघडायचं. उतारू उतरायचे ते समोरच्या गाड्यांच्या तोंडात.

नैसर्गिक आपत्तीत तरी लष्कर उपयोगी पडतं. खरं ना?

लष्कर पडतं, लष्करशाही पडेलच असं नाही. २ मे २००८च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखप्रदेशावर आदळलं. भारतीय हवामान खात्यानं दोन दिवस आधी कळवलं होतं. खेड्यांपर्यंत ते पोचलंच नाही. मेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे १,३८,०००.

नंतरचं जास्त सांगण्यासारखं आहे. परदेशी मदतीची जहाजं बाहेर उभी आणि मदत करणाऱ्यांचे व्हिसा अडकलेले. आठच दिवसांनी, १० मे रोजी, सरकारनं नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं. ज्या भागात प्रेतं तरंगत होती तिथं ते फक्त दोन आठवडे पुढं ढकललं. निकाल : ९२ टक्के होकार. झार्गनार नावाचा लोकप्रिय विनोदी नट आपल्या मित्रांसह तांदूळ आणि कपडे वाटत फिरत होता, आणि जे दिसलं ते परदेशी पत्रकारांना सांगत होता. त्याला आधी ५९ वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती ३५वर आणली.

त्याआधी सहा महिने बांगलादेशात सिडर वादळ आलं होतं, तेही जबर. तिथं बळी साडेतीन हजारांच्या आसपास. तिथलं सरकारही तेव्हा लष्कराच्या टेकूवरचंच होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण निवारे होते, सायकलवर भोंगा घेऊन फिरणारे हजारो स्वयंसेवक होते, आणि ते मोडून काढावेत असं कुणाला वाटलं नव्हतं.

आमच्या वडिलांच्या मते आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या, कचेऱ्यांत माणसं जागेवर असायची.

माझेही वडील हेच म्हणायचे. काही महिने तसं होतं. त्याच काळात एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपला महाराष्ट्र होता, हे वडील सांगत नसत. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. गावागावांत काय चाललंय हे छापायला बंदी, म्हणून दिल्लीलाही ते नीट कळलं नाही. मार्च १९७७च्या निकालानं कळलं. आपल्याला एकवीस महिन्यांत मतपेटी मिळाली. ब्रह्मदेशाला १९९०मध्ये मिळाली, आंग सान स्यू की यांच्या विरोधी पक्षानं ४८५पैकी ३९२ जागा जिंकल्या, आणि लष्करानं निकाल बासनात गुंडाळून ठेवला.

तुरीचा यात काय संबंध?

मला वाटलंच कुणी विचारेल.

१९८८नंतर लष्करानं व्यापार थोडा मोकळा केला, पण भातावरची पकड सोडली नाही. सक्तीची खरेदी २००३पर्यंत चालू होती. भात म्हणजे शहरातली शांतता, सैनिकाचं ताट. डाळीकडं मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. बर्मी माणूस तूर फारशी खात नाही, उडीदही जेमतेम. ताटात नाही म्हणून फायलीतही नाही. ना सक्ती, ना ठरवलेला भाव. इकडं भारताला डाळ कमी पडत होती. मंडाले-सगाइंगच्या कोरड्या पट्ट्यात तूर आणि खालच्या ब्रह्मदेशात भात निघाल्यावर उरल्या ओलीवर उडीद, असं शेतकऱ्यांनी स्वतःच बसवलं. निर्यात दहा लाख टनांच्या पुढं गेली. कुठली योजना नाही, उद्घाटन नाही. सरकार विसरलं म्हणून एक पीक उभं राहिलं.

आपल्याकडं बाजारात 'लेमन तूर' म्हणतात ती हीच. दाणा बारीक, डाळ शिजायला बरी. लातूरचा माल तयार व्हायच्या आधी मिलला तीच आधार देते. २०२१मध्ये भारतानं वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा करार केला. त्याआधी २०१७मध्ये आपण एकाएकी आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिथला शेतकरी बसला. म्हणजे त्याचं नुकसान करायला लष्करच लागतं असं नाही, हेही लिहून ठेवतो.

२०११नंतर लोकशाही आली होती ना? स्यू की यांच्या काळात रोहिंग्यांचं काय झालं?

अर्धी आली होती. २००८च्या त्याच घटनेनं संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत असं ठरवलं. गणित तुम्हीच करा. गृह, संरक्षण आणि सीमा ही खाती लष्कराकडं. तरी ती दहा वर्षं खरी होती : वर्तमानपत्रांची पूर्वतपासणी बंद झाली, फोन आले, देशाबाहेर गेलेली पोरं परत आली.

२०१७मध्ये लष्करानं पश्चिमेच्या राखाइन प्रांतात गावंच्या गावं जाळली आणि तिथले ७ लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. पंधरा वर्षं नजरकैद सोसलेल्या आणि तेव्हा सरकार चालवणाऱ्या आंग सान स्यू की २०१९ला हेगच्या न्यायालयात लष्कराच्या बाजूनं उभ्या राहिल्या. यावर मला सारवासारव करता येत नाही. त्यांनी लष्कराला सांभाळून घेतलं आणि लष्करानं चौदा महिन्यांनी त्यांनाच अटक केली.

२०२१नंतर काय?

१ फेब्रुवारीला उठाव. पहिल्या आठवड्यात लोकांनी रात्री आठ वाजता घरातली भांडी बडवली, भूत घालवायची तिकडची जुनी रीत. मग गोळीबार, मग शहरातली पोरं जंगलात बंडखोरांकडं. जागतिक बँकेच्या हिशेबानं त्या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसली. २०२३मध्ये अफगाणिस्तानला मागं टाकून हा देश अफूच्या उत्पादनात पहिला आला. फेब्रुवारी २०२४ला सक्तीची सैन्यभरती लागू झाली, तशी पासपोर्ट कचेरीबाहेर रांग लागली. मार्च २०२५च्या भूकंपात मंडाले आणि सगाइंग कोसळलं, आणि त्या आठवड्यातही विमानं बॉम्ब टाकत होती. हजारो निर्वासित आपल्या मिझोरममध्ये आहेत.

निर्बंधांनी काही होतं का?

जनरलांची मुलं थोडी गैरसोयीत येतात. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायकांची नोकरी जाते. शेजारी देश माल घेतच राहतात, आम्हीही.

पुतण्याला थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी मिळतेय. पगार चांगला, तिकीट ते देणार. म्यावाडी नावाचं गाव आहे म्हणे.

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत तिसऱ्यांदा आला म्हणून इथं घालतोय. म्यावाडी थायलंडमध्ये नाही. नदीच्या अलीकडं थायलंडचं माय सोत, पलीकडं ब्रह्मदेशातलं म्यावाडी. तिथं लष्कराशी जुळवून घेतलेल्या सशस्त्र गटांच्या जमिनीवर कुंपणाच्या वसाहती आहेत. आत नेलेल्या पोरांचे पासपोर्ट काढून घेतात आणि त्यांना दिवसाचे चौदा-सोळा तास फोनवरून लोकांना फसवायला लावतात. नकार दिला तर मार. मार्च २०२५मध्ये भारत सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर जणांना तिथून परत आणलं.

पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, कुठल्याच देशात. एजंट परराष्ट्र खात्याकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर आधी पाहा. आणि पुतण्याला आज रात्रीच फोन करा.